पिण्याच्या पाण्यात शिकलेलं पोहणं

त्र्याहत्तरचा उन्हाळा. काष्टी स्टेशनवर गाडीतून उतरलो, तर आण्णा, म्हणजे माझे वडील, न्यायला आलेले... आणि त्यांच्यामागे दोन-चार ओळखीचे लोक. सगळ्यांना 'जहाजावरचा पोरगा' बघायचा होता.

जहाज मी लांबूनच पाहिलं होतं. नौदलातलं सुरुवातीचं ट्रेनिंग, म्हणजे परेड आणि पळापळ, विशाखापट्टणमला उरकून सुट्टीवर आलो होतो. सुट्टी संपली की लोणावळ्याला इंजिनांचं ट्रेनिंग सुरू होणार होतं.

एक गोष्ट मात्र कुणाला सांगितली नव्हती... मला पोहता येत नव्हतं. पाण्यात उतरलं की हातपाय आखडायचे. लोणावळ्याला गेल्या गेल्या पोहण्याची पुन्हा परीक्षा होती, आणि त्यातही नापास झालास तर इंजिनं विसर, घरचा रस्ता धर, असं ट्रेनिंग देणाऱ्या उस्तादांनी बजावलं होतं.

नौदलात निघालेला गडी पाण्याला भितो, हे सांगायचं कुठल्या तोंडानं? दोन दिवस गप्प राहिलो आणि मग आण्णांना सांगून टाकलं. ते चिडले नाहीत, हसलेही नाहीत. "बघू," एवढंच म्हणाले.

आता बघणार काय... बहात्तरच्या दुष्काळाचा तो ऐन उन्हाळा. आमचं गाव काष्टीपासून आत, माळावर. ओढ्यात नुसती वाळू आणि विहिरींचे तळ उघडे पडलेले. पाणी होतं ते फक्त हसनचाचांच्या मळ्यातल्या विहिरीला, आणि सगळी आळी त्याच विहिरीवर हंडे भरायची.

आण्णा संध्याकाळी चाचांकडे जाऊन आले. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मला त्या विहिरीवर नेलं आणि पाठीला रॉकेलचा रिकामा डबा बांधला. मी म्हटलं, अहो, बाया पाण्याला येतील... तर म्हणाले, "त्या दुपारी येत्यात. तू उतर."

पाणी दीड पुरुष होतं. माझ्या कमरेला दोर बांधून, त्याचं टोक धरून आण्णा पायरीवर बसायचे आणि "पाय मार, पाय" करत राहायचे. मी पाय कमी मारायचो, गटांगळ्या जास्त खायचो आणि घाबरलो की डब्यासकट पायरीला मिठी मारायचो. तळाचा गाळ वर येऊन पाण्याचा पार चहा व्हायचा.

घरी यावं तर आई घरात नसायची. दुष्काळी कामावर, खडी फोडायला गेली असेल, असं मी धरून चालायचो.

एक दिवस टॉवेल विहिरीवरच राहिला म्हणून अर्ध्या वाटेतून परत फिरलो. मळ्याच्या मागच्या अंगाला बाभळीखाली बाया बसलेल्या दिसल्या... पुढ्यात रिकामे हंडे. त्यांच्यात आमची आई पण होती. मी ढवळलेलं पाणी निवळायची वाट बघत सगळ्या बसल्या होत्या.

चाचांना विचारलं तेव्हा कळलं, दुपारी वगैरे कुणी येत नव्हतं. रात्रभरात झऱ्यांनी साठायचं तेवढंच पाणी, आणि बायांनी ते भरून नेलं की मागे गुडघाभर उरायचं. त्यात पोहणार काय? म्हणून आण्णांनी घरोघर जाऊन हात जोडले होते, आधी माझ्या पोराला उतरू द्या... आणि त्या बायांनी हो म्हटलं होतं.

पाणी निवळेपर्यंत कामावरची हजेरी हुकायची, मुकादमाची बोलणी खावी लागायची. तरी एकीनंही मला कळू दिलं नव्हतं. मी बघत असताना आई उठून विहिरीत उतरली, तिनं हंड्याच्या तोंडावर फडकं धरलं आणि गढूळ पाणी गाळून घ्यायला लागली. ज्यात मी थुंकलो, नाक शिंकरलं, तेच पाणी आम्ही घरात पीत होतो.

मेल्याहून मेल्यासारखं झालं...

दुसऱ्या दिवशी विहिरीवर गेलो, पण उतरलो नाही. आण्णांना म्हटलं, नको ती नोकरी. तेवढ्यात बाभळीखालून गयाबाई उठून आल्या. आमच्या शेजारच्या, तोंडानं मोठ्या फटकळ.

"उतर गप," त्या म्हणाल्या. "आमी काय जलमभर थांबनार हाय व्हय? लवकर शिक, म्हंजी आमी सुटू."

मी डबा सोडून ठेवला आणि उडी टाकली. धाडस वगैरे काही नव्हतं हो... काठावर त्या सगळ्या येऊन उभ्या होत्या, आणि तोंड लपवायला पाण्याशिवाय जागा नव्हती.

पाय खाली सोडले की गाळ उठतो, एवढं एकच डोक्यात होतं. म्हणून पाय वरच ठेवले, वरच्या वर हलवत राहिलो... आणि समोरच्या दगडाला हात लागला. उस्तादांनी महिनोन्महिने ओरडून जे शिकवता आलं नव्हतं, ते मला लाजेनं शिकवलं.

लोणावळ्याला पास झालो. तिथल्या तलावाचा तळ स्वच्छ दिसत होता, आणि ते पाणी नुसतं पोहण्यासाठी होतं. बॅचची पोरं पाठ थोपटत होती, पण माझ्याच्यानं मान वर होईना.

दिवाळीत गावी आलो तेव्हा वाटेत गयाबाई भेटल्या. डोक्यावर भरलेला हंडा. थांबून त्यांनी एवढंच विचारलं, "झालास का पास?"

झालो म्हटलं.

"मंग आमचं पानी वाया न्हाई गेलं," म्हणाल्या आणि चालू लागल्या.

पुढे सगळी नोकरी इंजिनरूममध्ये गेली. कुणी कौतुक केलं की मला त्या बाया आठवतात आणि आजही शरमल्यासारखं होतं. तेव्हा आभार मानायला तोंड उघडलं नाही... आज इथे मानतोय, तर वाचायला त्यांच्यातली एकही उरलेली नाही.