चाळीसच्या पुढं काटा जाईना

“काटा बघ, काटा! चाळीस! एक्स्प्रेस-वेवर चाळीस!”

“बघतोय की, अक्का. बरोबर चाळीसच हाय.”

“आणि लेन कुठली ही?”

“उजवी.”

“उजवीत का?”

“डावीकडं ट्रक असत्यात. भ्या वाटतंय.”

“मग मागनं शंभरनं येतात त्यांना काय हळदी-कुंकवाला बोलावलंय?”

तळेगावचा टोल सोडल्यापासून हे भांडण चाललं होतं. गाडी चालवणारा माझा धाकटा भाऊ वसंता. पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेला. शेजारी मी. मागच्या सीटवर त्याची बायको शांता, मांडीवर कडक भाकरीचा डबा घेऊन. सोलापूरहून पहाटे निघालेलो, पनवेलला त्यांच्या मेघाचं डोहाळजेवण.

मेघानं आदल्या दिवशी फोनवर बापाला बजावलं होतं, “बाबा, या वेळी चाळीसनं आलात तर गाडीची किल्ली मी ठेवून घेणार. मागून कुणीतरी ठोकेल एक दिवस. आत्या, तू शेजारी बसणार ना? मग काय ते खरं सांगायचं!”

मी खरं तेच सांगते, हे सगळ्या खानदानाला माहीत आहे. त्यामुळे वसंता मधूनच माझ्याकडं बघायचा, पेपर तपासणाऱ्या मास्तरणीकडं बघावं तसा. ही गाडी गेली की त्याच्याकडं उरणार काय? सकाळचा पेपर आणि संध्याकाळचा चहा!

तर ते भांडण राहू द्या तिथंच. या गाडीतले किस्से इतके साठलेत, की डिकी दाबून लावावी लागते!

*

आधी माझं सांगते. मी शाळेत गेले दुसरीपर्यंत. पुढचं वाचन शिकले ते एसटीच्या खिडकीतून, रस्त्यावरच्या पाट्या वाचून. ‘पुढे वळण आहे’, ‘वाहने सावकाश हाका’, सगळं. त्यामुळे पाटी दिसली की मी मोठ्यांदा वाचते. वाचून गप्प बसत नाही, पाळायला लावते.

वसंता म्हणतो, “अक्का, पाट्या ड्रायव्हरसाठी असत्यात.”

मी म्हणते, “व्हय, पण ड्रायव्हर वाचत न्हाय म्हणून मी वाचते!”

*

आणि हा पहिल्यापासून असा नव्हता बरं का. माढ्याहून सोलापूरला मला असा आणायचा, की डोक्यावरचा पदर मोहोळलाच राहायचा!

मग शांताच्या मणक्याचं पुण्याला ऑपरेशन झालं. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, “धक्का बसू देऊ नका.” झालं! वसंतानं मागच्या सीटवर तीन गोधड्या अंथरल्या, तिला आडवं केलं, पुढचा आरसा खाली वाकवून तिचा चेहरा दिसेल असा लावला आणि निघाला. रस्त्यातल्या खड्ड्यांना नमस्कार करत करत आणली त्यानं तिला.

शांता अधूनमधून डोळे उघडायची. “कुटं आलो?”

“आलंच सोलापूर!”

हडपसरला विचारलं, आलंच सोलापूर. भिगवणला विचारलं, आलंच सोलापूर. टेंभुर्णीलाही तेच. शेवटी खरंच गाव आलं तेव्हा हा हरखून म्हणाला, “शांता, ऊठ, सोलापूर आलं!”

ती डोळे मिटूनच म्हणाली, “मगापास्नं तितंच हाय की!”

पुढं शांता खडखडीत बरी झाली. भाकऱ्या थापायला लागली, पाण्याच्या कळशा उचलायला लागली. काटा मात्र चाळीसवरच राहिला.

*

एकदा शांताच्या माहेरी, मंद्रूपला, पाहुण्यांचं जेवण होतं. आमटी आमच्याकडची. भलं मोठं पातेलं शांताच्या मांडीवर. आमटी सांडू नये म्हणून चाळीसचे वीस झाले! बैलगाडीवाला मागून आला, शेजारून गेला आणि जाताना आमच्याकडं बघून बैलांना थोपटून गेला.

पोचलो. वसंता दारातूनच ओरडला, “एक थेंब सांडला न्हाय!”

आत बघतो तर पंगत उठलेली. पाहुणे बडीशेप चघळत होते. शांताच्या भावजयीनं पातेल्याचं झाकण काढलं, वास घेतला आणि शांतपणे म्हणाली, “लई झ्याक झालीया. उद्याच्याला व्हईल!”

*

आता दसऱ्याचा ऐका. गाडीची पूजा झाली. बॉनेटवर झेंडूचा हा एवढा हार. आम्ही मोहोळला निघालो, सोनं द्यायला. गाडी पांढरी. वसंताचं म्हणणं, हळू जायचं तर मागच्याला कळलं पाहिजे, म्हणून चारी दिवे लुकलुकत ठेवलेले. मागं पंधरा-वीस गाड्यांची रांग, कुणाला पुढं जाता येईना.

रस्त्याच्या कडेला एक म्हातारबाबा उभा होता. त्यानं आम्हाला येताना पाहिलं, टोपी काढली आणि हात जोडले. वसंतानं आपला दसऱ्याचा नमस्कार समजून हसून हात जोडले! बाबा चक्रावला. गाडी इतकी हळू, की तो बाजूनं चालत चालत खिडकीशी आला.

“कोण गेलं हो?”

मी डोकं बाहेर काढलं. “अजून कुणी न्हाय बाबा! पण हा असाच चालवत राहिला तर आमचाच नंबर हाय!”

*

गळीत हंगामात तर बघायलाच नको. टेंभुर्णीच्या अलीकडं उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर मागून आला. ट्रॅक्टर, मागून! तो शेजारी आला, ड्रायव्हरनं गाणं बंद केलं आणि कळवळून विचारलं, “काका, बंद पडली व्हय? दोर हाय माझ्याकडं. ओढू का?”

“नको नको,” वसंता म्हणाला, “चालू हाय गाडी.”

“आँ? चालू हाय?”

पुढं गेल्यावरही तो वळून वळून बघत होता. शेवटी मीच ओरडले, “तू तरी पुढं बघ रे बाबा!”

*

हायवेच्या पोलिसानं अडवलं तो दिवस मला आवडतो. वसंता छाती काढून उतरला. आयुष्यात वेगाची मर्यादा मोडली नाही, याला भीती कसली?

“काका, किती स्पीडनं चाललाय?”

“चाळीस!” जणू मेडलच मागतोय.

“आणि उजव्या लेनमध्ये? मागं केवढी रांग लागलीय, मागं बघत नाही का?”

“बघतो की! सारखं मागंच बघतो!”

पोलीस चांगला होता. समजावून सांगायला लागला, “काका, ही लेन ओव्हरटेक करणाऱ्यांची. सगळे ऐंशी-नव्वदनं येतात, त्यांना वाटतं पुढचाही तसाच पळतोय. तुम्ही जवळजवळ थांबल्यासारखे आहात हे कळेपर्यंत उशीर होतो. जोरात जाणं धोक्याचं, तसं इथं रांगणंही धोक्याचं. हळूच जायचं तर डावीकडनं जा, पण बाकीच्यांच्या बरोबरीनं तरी चला.”

“मग त्यांनी हळू यावं,” वसंता म्हणाला.

पोलिसानं टोपी काढून कपाळ पुसलं आणि माझ्याकडं वळला. “मावशी, तुम्ही तरी सांगा यांना.”

मी म्हटलं, “साहेब, तुम्हाला सांगायचा पगार तरी मिळतो. मी फुकट सांगून थकले!”

*

तर असे आम्ही त्या दिवशी एक्स्प्रेस-वेवर. ऊन चढलेलं, पनवेल अजून घाटापलीकडं. आणि काटा चाळीसवर.

मी पाटी वाचली, “उजवी मार्गिका फक्त ओव्हरटेकसाठी.”

“वाचली मी.”

“मग घे डावीकडं!”

“घेतो की. जरा वाट मोकळी होऊ दे.”

तेवढ्यात मागून हॉर्न आला. साधा हॉर्न नव्हे, किंकाळीच! ट्रॅव्हल्सची बस. ब्रेक लागले, टायर करकरले, रबर जळल्याचा वास गाडीभर झाला. बस आमच्या डिकीला चाटून जाता जाता डावीकडं वळली. खिडकीतला क्लीनर आम्हाला काय काय म्हणाला ते मला सगळं ऐकू आलं, आणि त्यातलं एकही खोटं नव्हतं.

भाकरीचा डबा खाली पडला होता. काटा आता तीसवर आला होता.

मग मी सुटले. “संपलं! किल्ली दे मेघाला. मी स्वतः सांगणार तिला! अरे, नातवंड बघायला चाललायस ना? की त्याच्या आधी आमचे फोटो भिंतीला लावायचेत? एवढी मोठी बस मागून आली, तुला दिसली न्हाय?”

“न्हाय दिसली.”

“आरशात बघत होतास की! मी बघितलं तुला बघताना!”

“बघतच होतो, अक्का.”

“मग काय बघत होतास?”

मी वाकले आणि त्याच्या बाजूनं आरशात बघितलं.

आरशात रस्ता नव्हताच. बस नाही, गाड्या नाहीत, काही नाही. आरसा अजून तसाच खाली वाकलेला होता, आणि त्यात शांता होती. खाली पडलेल्या भाकऱ्या गोळा करणारी.

शेजारून घाटाची पाटी गेली. पहिल्यांदाच आयुष्यात मी पाटी वाचली नाही.

शांतानंही वर बघितलं. आरशात त्या दोघांची नजर भेटली. तिनं डबा सीटवर ठेवला, पुढं सरकली, आमच्या दोघांच्या मधून हात घातला आणि आरसा धरून वर केला. मागचा अख्खा रस्ता त्यात आला, घाटाकडं धावत येणाऱ्या गाड्यांसकट.

मग ती त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, “अहो, आता रस्ता बघा की, मी कुटं जात न्हाय!”