ज्याचं नाव, त्याचं भांडं

आमच्या मामांइतका न्यायी माणूस अख्ख्या मराठवाड्यात शोधून सापडायचा नाही, आणि अशा माणसाबरोबर संसार करणं म्हणजे काय, ते मामींनाच विचारावं. पापड मोडला तरी हे दोन्ही तुकडे उजेडाला धरणार, मोठ्याचा कोपरा तोडून लहानात टाकणार. तोवर जेवण गार! पाचोडला दोन भाऊ बांधावरच्या कडुलिंबावरून हातघाईवर आले, तेव्हा मामांनी खोड एकाला दिलं आणि सावली दुसऱ्याला. भांडण तिथल्या तिथं मिटलं, कारण मामांवर चिडायला दोघं एक झाले.

शेवटी मामीच कंटाळल्या. "तुमचा न्याव लई झाला. मला आता भावाकडं चितेगावला जाऊन निवांत जेवायचंय," म्हणाल्या. दोघांच्या संमतीनं फारकत झाली. मुकुंदवाडीचं घर भाड्याचं, दागिने मामींचे. राहता राहिली भांडी. मामांनी नियम केला, ज्याचं नाव कोरलेलं, त्याचं भांडं. नळापाशी ढीग घातला आणि नावं वाचायला मला बसवलं.

पातेलं मामींचं, परात मामींची, कळशी, झारा, अहो, मामांचा दाढीचा पेलासुद्धा मामींचा! दर दिवाळीला मामा नवं भांडं घेत आणि दुकानातच त्यावर बायकोचं नाव घालून आणत. पुरुषाच्या नावाचं भांडं शेजारी गेलं की परत येत नाही, हे त्यांचं ठाम मत. आता त्यांच्या बाजूला नुसती फरशी. मला हसू यायला हवं होतं, आलं रडू.

मग मामांच्याच ध्यानात आलं. प्रत्येक भांड्यावर 'सौ.' होतं, आणि मामींच्या नावामागोमाग त्यांचं स्वतःचं. "हे बराबर नाय," ते खाली बघत म्हणाले. "माझं नाव तुझ्याकडं कशाला? घासून आणतो."

मामींनी परात पोटाशी धरली. "राहू द्या. घासलं की भांडं पातळ व्हतं."

आता दर रविवारी चितेगावहून माझ्या हाती मामांना डबा येतो. डबा मामींच्या नावाचा, म्हणून ठेवून घ्यायचा नाही. रिकामा परत करायचा नाही, म्हणून मामा त्यात काहीबाही घालतात. परवा नावावरून अंगठा फिरवत म्हणाले, "पोरी, माझं नाव पुसट व्हायलंय. ती लई घासती का गं?"

"नाही मामा. तो डबा मामी कुणाला हात लावू देत नाहीत. नुसत्या बोटांनी धुतात."

मामांनी पेरूंची पाटी पुढं ओढली. मग मोठे पेरू सगळे डब्यात गेले, लहान त्यांनी स्वतःला ठेवले. उजेडाला धरून पाहिलेसुद्धा नाहीत.