तिसरा हात

जनूकाका गेल्याचा फोन आला तेव्हा त्यांची शेवटची गिटार पेणला माझ्या कारखान्यात, गणपतींच्या रांगेशेजारी टांगलेली होती. काकी एवढंच म्हणाली, "सुभाष, हे गेले रे..." मी लगेच रोह्याला निघालो, पण गिटार सोबत घेतली नाही. का नाही, ते आज लिहितो.

मी मूर्तींचा रंगारी. चाळिशी उलटल्यावर गिटार बनवायला शिकावंसं वाटलं. रोह्याजवळ वरसेला जनूकाका होते. तरुणपणी मुंबईत जुन्या कारागिरांच्या हाताखाली शिकून आलेले. गणपती गेले की आमचा कारखाना रिकामा होतो, तेव्हा मी त्यांच्या पडवीत जाऊन बसायचो. लाकडाची ओली पट्टी तापल्या पाइपवर दाबत दाबत गिटारीची कंबर वाकवायची; घाई केली की तडकते. माझी तडकली की काका आत ओरडायचे, "चहा टाक गो, सुभाषनं जळण आणलंय!"

माझी पहिली गिटार मी हौसेनं पॉलिश केली. पॉलिशच्या एका हातावर दुसरा हात देत गेलो, तोंड दिसेपर्यंत. मूर्तीला आम्ही तसंच करतो. काकांनी तार छेडली... आवाज जागच्या जागी बसला. "अरे, तू गणपतीच केलास की! आता हार घाल ह्याला, वाजवू नको." जाड पॉलिशखाली पुढची पातळ फळी हलत नाही आणि ती हलली नाही तर गिटार बोलत नाही, हे मला तेव्हा कळलं. मला कळलं, माझ्या हाताला नाही.

पुढे काकांची बोटं थरथरू लागली. शेवटची गिटार त्यांनी पूर्ण जोडली आणि पॉलिशला माझ्याकडे दिली. "दोन हात दे, पातळ. तिसरा नको. मग घेऊन ये, मला ऐकायचीय."

दोन दिले. फळीवर एक काळपट डाग दिसत होता. कारखान्यात येणारा जो तो त्याच्याकडेच बोट दाखवायचा. खरं सांगतो, काकांच्या शेवटच्या गिटारीत माझंही काम लोकांच्या डोळ्यांत भरावं असं मला वाटत होतं. मी तिसरा हात दिला, मग पुढचेही. डाग बुडाला, आवाजही बुडाला.

काका फोनवर विचारायचे, "झाली का रे?"

"अजून ओली आहे, काका. खाडीची हवा, वाळतच नाही."

"वाळू दे. मी कुठं जातोय?"

... आणि गेले.

तेराव्यानंतर काकीला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. हातातली जुडी खाली ठेवली. मग म्हणाली, "मंग टांगून कशाला ठेवलीस? हितं आण नि खरवड."

गेले काही रविवार मी त्यांच्या पडवीत बसून काचेच्या तुकड्यानं पॉलिश खरवडतो आहे. डाग पुन्हा वर आला. परवा तारा चढवल्या. काकी हात पुसत बाहेर आली, समोर बसली आणि फळीला बोटांची टोकं हलकेच लावली.

"हे असंच करायचे. कानाआधी बोटांना कळतं म्हणायचे. वाजव."

मी वाजवली. तिनं डोळे मिटून बोटं हळूहळू सरकवली.

"हितं बोलते," ती म्हणाली. "हितं नाय अजून."

मी तारा सैल करायला घेतल्या.