बांबूखालचं बिनपानांचं फूल

पान नसलेलं, हिरवा रंगच नसलेलं फूल बांबूच्या मुळांतून अन्न ओढून जगतं, हे मला कॉलेजात सरांनी शिकवलं. शिकवताना ते दरवर्षी म्हणायचे, "मी स्वतः अजून पाहिलेलं नाही."

म्हणून माहूरच्या जंगलात ते दिसलं तेव्हा मी पहिला फोन सरांना केला. देवीचं दर्शन घेऊन मी पायवाटेनं उतरत होते. बांबूच्या बेटाखाली, कुजक्या पानांत, वीतभर फिकट देठावर खाली मान घातलेलं जांभळट फूल. एकच. सर निवृत्त झाले होते, पण दुसऱ्याच दिवशी नांदेडहून गाडी करून आले. गळ्यात भारीचा कॅमेरा.

चिखलात पालथे पडून त्यांनी फोटो काढले. मी छत्री धरून उभी. अखेर त्यांनी ते पाहिलं, म्हणून मला भरून आलं.

मग ते उठले, गुडघे झटकले आणि बुटाची टाच त्या फुलावर ठेवून फिरवली.

"सर!"

"काय बघून राहिलीस? उद्या इथं दहा जण येतील. दहा जणांचे फोटो होतील."

"पण सर, बी धरलं नव्हतं अजून."

"म्हणूनच," ते म्हणाले आणि लेन्सला झाकण लावलं.

परतीच्या वाटेत त्यांनी मला चहा पाजला. मी तो प्याले.

लातूरच्या प्रदर्शनात तो फोटो दारासमोरच लावला होता. लोक विचारत होते, कुठं सापडलं? सर हसून म्हणत, "जंगल फिरावं लागतं." मला पाहून त्यांनी जवळ बोलावलं. "ही माझी विद्यार्थिनी. त्या दिवशी छत्री धरायला होती." लोकांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं.

पुढच्या पावसाळ्यात मी त्या बेटाखाली जाऊन आले. त्याच्या पुढच्याही. पाला हातानं बाजूला करून पाहिला. काही नव्हतं.

यंदा श्रावणात सरांचाच फोन आला. "माहूरला गेली होतीस म्हणे. दिसलं का गं कुठं?"

"न्हाई सर."

"शोधत राहा. तुझी नजर चांगली आहे," ते मायेनं म्हणाले. "आणि दिसलं की आधी मला सांग."