लिस्बनहून येणारे फोटो

धाकटा भाऊ पोर्तुगालला गेला त्याला आठ दिवसही झाले नव्हते, तेवढ्यात त्याचा पहिला फोटो आला. नदीच्या काठाशी पाण्यात उभा असलेला पांढरा बुरूज आणि त्याच्यासमोर निळ्या चौकड्यांच्या शर्टात तो. खाली लिहिलं होतं, ‘ताई, हा बेलेंचा बुरूज. पाचशे वर्षं जुना आहे. आपल्याकडे यायला निघालेली जहाजं याच्यासमोरून जायची.’

मी वसईतल्या एका शाळेत इतिहास शिकवते. दरवर्षी मुलांना किल्ल्यात नेते, पडक्या चर्चच्या भिंती दाखवते आणि लिस्बनचं नाव घेते. भाऊ शाळेत असताना त्यालाही मी हे सगळं सांगायचे, तेव्हा तो जांभया द्यायचा. आता तोच मला पाचशे वर्षांचं सांगत होता. मला गंमत वाटली आणि थोडं खटकलंही.

तो लिस्बनमधल्या एका हॉटेलात कामाला लागला होता, निदान त्याने आम्हाला तसं सांगितलं होतं. वसईतल्याच होळी भागात आमची वाडी आहे. पालेभाजी, केळी, थोडी फुलं. वडील गेल्यावर आई एकटीने ती सांभाळत होती. भावाने हातभार लावावा एवढंच तिचं म्हणणं. पण जाण्याआधी तो भांडून म्हणाला होता, “मी चिखलात हात घालणार नाही. शहरात राहीन, साहेबासारखा राहीन.”

मग दर आठवड्याला एक फोटो येऊ लागला. नदीकाठचा तो प्रचंड चौक, मधोमध घोड्यावर बसलेला राजा, मागे मोठी कमान. ‘इथे आधी राजवाडा होता, भूकंपात गेला.’ चढावर घरांना घासून जाणारी पिवळी ट्राम. टेकडीवरचा किल्ला. नक्षीकाम केलेला मठ. ‘भारताचा रस्ता शोधणाऱ्या दर्यावर्दीची कबर इथे आहे.’ आई प्रत्येक फोटो सगळ्या आळीला दाखवायची. बायका म्हणायच्या, “नशीब काढलं पोराने.”

चौथ्या की पाचव्या फोटोनंतर माझ्या मनात शंकेने घर केलं. सगळे फोटो बाहेरचे. खोलीचा नाही, हॉटेलचा नाही, सोबत काम करणाऱ्या कुणाचा नाही. व्हिडिओ कॉल केला की तो फोन चेहऱ्याच्या इतका जवळ धरायचा, की मागे भिंत आहे की पडदा तेही कळायचं नाही. “खोली दाखव ना,” म्हटलं की नेटवर्क जायचं.

एका रविवारी एव्हरशाईन वसाहतीतल्या आमच्या घरी मी सगळे फोटो एकापाठोपाठ मोठे करून पाहिले. शर्ट वेगवेगळे होते. एकात जॅकेट, एकात टोपी. पण प्रत्येक फोटोत त्याच्या उजव्या अंगठ्याला पट्टी होती. हिरवी, तिच्यावर बेडकाचं चित्र. ती पट्टी मीच लावली होती. निघायच्या दिवशी बॅगेच्या चेनमध्ये त्याचा अंगठा अडकून कापला होता आणि घरात माझ्या मुलीच्या डब्यातल्याच पट्ट्या होत्या.

तीन महिन्यांचे फोटो, आणि सगळ्यांत तीच पट्टी. म्हणजे सगळे एकाच दिवशी काढलेले होते.

मग उरलेले दिवस तो कुठे होता? कुणी त्याला डांबून ठेवलं होतं का? पासपोर्ट काढून घेतला होता का? नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, “तू ना, पेपर तपासता तपासता सगळीकडे कॉपीच शोधतेस.” त्यानंतर मला नवऱ्याचाही संशय यायला लागला. याला काही माहीत आहे की काय?

मी भावाची परीक्षा घ्यायची ठरवली. लिस्बनमध्ये कार्मो नावाचा मठ आहे. वसई पोर्तुगीजांच्या हातून गेली त्यानंतर सोळा वर्षांनी तिकडे मोठा भूकंप झाला, नेमका सर्व संतांच्या सणादिवशी सकाळी, चर्च भरलेली असताना. त्यात मठाचं छत कोसळलं. ते पुन्हा कधी पुरं बांधलंच नाही. आजही कमानी उभ्या आहेत आणि वर आभाळ. अगदी आपल्या किल्ल्यातल्या चर्चसारखं.

फोनवर मी सहज विचारल्यासारखं केलं, “कार्मोचा मठ पाहिलास का रे?”

“हो तर! मागच्याच आठवड्यात.”

“छत कसं आहे?”

“भारी आहे ताई. काय नक्षी! मान दुखेपर्यंत बघत बसलो.”

मी फोन ठेवला आणि तशीच रिक्षा करून होळीला गेले. आई विहिरीजवळ बसून माठाच्या जुड्या बांधत होती. ती वाडीतल्या आमच्या बोलीत बोलते. इथे मी सगळ्यांना कळेल असं लिहिते. मी तिला पट्टी सांगितली, छत सांगितलं. म्हटलं, “आई, तो लिस्बनमध्ये नाही.”

तिने हातातली जुडी पुरी बांधली. मग म्हणाली, “माहीत आहे मला.”

“कधीपासून?”

“पहिल्या महिन्यापासून. बोलता बोलता कुणाला तरी हिंदीत म्हणाला, ठिबक बंद कर म्हणून. हॉटेलात कसलं आलंय ठिबक सिंचन? आणि केस सारायला हात वर नेला तेव्हा त्याची मातीने भरलेली नखं बघितली मी.”

“मग तू आळीभर फोटो दाखवत का फिरतेस?”

“फोटो खोटे आहेत का? तिथे उभा होता ना तो?”

तिथूनच मी भावाला फोन लावला आणि म्हटलं, “कार्मोच्या मठाला छत नाही.” मग त्याने सगळं सांगितलं. हॉटेलचं काम तिथे पोचल्यावर फिसकटलं. दक्षिणेकडच्या शेतांवर काम मिळालं, तिकडे जाणारी बस संध्याकाळी होती, हातात एक दिवस होता. त्या दिवसात बॅगेतले शर्ट बदलत तो शहरभर पळाला आणि मिळेल तिथे फोटो काढले. माहिती मोबाइलवर वाचून लिहायचा. आता तो प्लॅस्टिकच्या लांबलचक मांडवांत, खांबांना ओढलेल्या तारांवर चढवलेली रासबेरी तोडत होता. एका खोलीत पाच जण. डांबलं कुणी नव्हतं, पासपोर्ट खिशात होता.

“चिखलात हात घालणार नाही म्हणालो होतो ना,” तो म्हणाला, “मग कोणत्या तोंडाने सांगू?”

आईने माझ्या हातातून फोन घेतला. मला वाटलं रडेल, नाहीतर रागावेल. तिने विचारलं, “ते झाड सावलीत धरतं का रे? खत काय घालता?”

दोन महिन्यांनी सुट्टीच्या दिवशी तो खरोखर लिस्बनला गेला आणि कार्मोमधून व्हिडिओ कॉल केला. उघड्या आभाळाखाली दगडी कमानी, खाली हिरवळ. तरी मी त्याला चारी बाजूंनी कॅमेरा फिरवायला लावला, दारावरची पाटी वाचायला लावली. तो हसत होता. मी हसले नाही.

आता ती दोघं रोज बोलतात आणि मी गेले की आई फोन बंद करते. “काय बोलत होता?” “काही नाही, वाडीचं.” “परत यायचं म्हणतोय का?” “मी असं म्हटलं का?”

गेल्या आठवड्यात वाडीच्या कडेला तिने सरळ रांगेत कमरेएवढे खांब रोवून घेतले, त्यांना तारा ओढल्या. विचारलं तर म्हणाली, तोंडलीसाठी. तोंडलीला वर मांडव लागतो, एवढं इतिहासाच्या शिक्षिकेलाही कळतं.