पंखा न लावलेली खोली

दादा गेला त्या दिवशी शिवाजी पेठेतल्या त्याच्या खोलीत माणसं घामानं निथळत होती. एकानं पंख्याच्या बटणाकडे हात नेला, तशी वहिनी रडता रडता ओरडली, "पावणं, पंखा लावू नका!"

माझा मोठा भाऊ कचेरीत कारकून होता, पण जीव दगडांत. गडमुडशिंगीकडे विहिरीला सुरुंग लागला की सायकल तिकडे. काळा पाषाण फुटल्यावर आतल्या पोकळ्यांत झिओलाइटचे स्फटिक सापडतात, दुधी, गुलाबी, हिरवट. एकदा दोन पोकळ्या मिळाल्या, एक ओंजळीएवढी, एक लहान. आत केसाहून बारीक पांढऱ्या सुयांचे झुबके. वाऱ्यानंही मोडणारे. ते छातीशी धरून तो चालत घरी आला आणि त्या दिवसापासून खिडक्या बंद, पंखा बंद.

पुढे पुण्याच्या एका संग्रहालयानं त्याला बोलावलं. आयुष्यभर हवी होती ती नोकरी! मी लगेच यादी केली : खोकी, कापूस, लाकडाचा भुसा. बाकीचे दगड दिवसभरात बांधून झाले. झुबक्यांपैकी लहान मी आधी चाचणी म्हणून खोक्यात बांधून एसटीनं राधानगरीला नेऊन परत आणला. खोकं उघडलं... तळाशी पांढरा भुगा.

"मोठा चालत न्यायचा का पुण्याला?" मी चिडून विचारलं.

"त्यो हितंच ऱ्हाऊ दे की," वहिनी म्हणाली. "आपण जाऊया. मला वारं तरी लागंल."

"आणि मागं पंखा कोण बंद ठेवणार?" दादानं विचारलं.

"मी ठेवीन," मी म्हणाले.

दादा हसला. "तू? तू रोज फडकं मारशील."

खरंच होतं ते. त्यानं पुण्याला नकार कळवला. निवृत्त होईपर्यंत त्याच कचेरीत खर्डेघाशी केली. संध्याकाळी येऊन त्या झुबक्यासमोर बसायचा. वहिनी उन्हाळाभर दारात झोपायची.

आता ती मुलाकडे सांगलीला गेली आहे. बाकीचे दगड संग्रहालयानं नेले. झुबका न्यायला आलेल्यांनी तो नुसता पाहिला आणि नकारार्थी मान हलवली. घरमालक खोली मागतो आहे, लेक मला मुंबईला बोलावते आहे. दोघांनाही मी पुढच्या महिन्याचं सांगते.

किल्ली माझ्याकडे असते. काल झुबक्याच्या कपाटावर बोटभर धूळ दिसली. फडकं हातात घेतलं, मग तसंच घडी करून मांडीवर ठेवलं आणि बंद पंख्याखाली घाम पुसत बसून राहिले.