पंगतवाले सर आणि अकरावं मशीन

जुन्नरच्या बाजारपेठेत माझं जुन्या कॉम्प्युटरचं दुकान आहे. तिथे येऊन कधीच घासाघीस न करणारा एकच माणूस मी पाहिला, आणि त्याच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही.

आयटीआयमधून निवृत्त झालेल्या त्या शिक्षकांना सगळे पंगतवाले सर म्हणत. इतर गिऱ्हाइकं चांगलं मशीन मागायची. सर विचारायचे, "सगळ्यात रडकं कोणतं?" मी सांगेन तो भाव देऊन ते मशीन मांडीवर घेऊन रिक्षाने जायचे. भाव मिळूनही मला जिंकल्यासारखं वाटायचं नाही.

घराच्या पडवीत त्यांनी अशी अकरा मशीनं ओळीने मांडली होती. प्रत्येकाची सिस्टिम वेगळी. काही प्रोग्राम कोणीही फुकट वापरावेत, उघडून सुधारावेत असे असतात. अशा प्रोग्राममध्ये कोणी एक ओळ बदलली की अकराही मशीनं तो आपोआप उतरवून घेत, नव्याने तयार करून तपासत, आणि पडद्यावर हिरवी नाहीतर तांबडी खूण उमटे. दहा हिरव्या आल्या तरी सरांच्या लेखी काम नापास. "शेवटच्याचं जेवण व्हायचंय, पंगत उठत न्हाई," एवढं म्हणून ते सुपारी कातरत बसायचे.

मी नववी नापास. प्रोग्राम लिहायला दुकानात बसून शिकलो. डेअरीत दुधाचं माप आणि फॅट नोंदवणारा माझा प्रोग्राम सरांच्या सांगण्यावरून मी सगळ्यांना खुला केला. महाळुंगे पडवळकडच्या एका डेअरीने तो सोमवारपासून लावायचं ठरवलं. माझं पहिलंच मोठं काम, आणि अकरावं मशीन आठवडाभर तांबडं. असलं खटारं आता कोण वापरतं, म्हणून मी सरांशी भांडलो. ते म्हणाले, "तूच इकलं असशील की राव कुणाला तरी."

शनिवारी सर ओझरला दर्शनाला गेले. मी त्यांच्या घरी गेलो, काकूंनी मला चहा दिला. तो पिऊन मी पडवीतल्या अकराव्याची वायर काढली आणि तपासणाऱ्या मशीनच्या यादीतून त्याचं नाव पुसलं. सगळं हिरवं झालं.

सोमवारी डेअरीतलं मशीन नेमकं त्याच जातीचं निघालं. तीन वर्षांपूर्वी मीच विकलेलं. प्रोग्राम पॉइंटनंतरचा आकडा गिळत होता. सहा पॉइंट आठ फॅटचं दूध सहावर आलं, तेव्हा एक म्हातारी किटली आपटून म्हणाली, "माजी म्हस रात्रीत पाणी घालाया शिकली व्हय रं?" रांग माझ्याभोवती गोळा झाली. कुणीतरी सरांना फोन केला. ते एसटीने आले. त्यांनी मोबाइलवर पडवीतल्या मशीनची यादी उघडली. बदलाखाली माझं नाव होतं. माझ्याकडे एकदा पाहून ते लोकांकडे वळले.

"चूक माझी हाये. तपासायचं काम माझं व्हतं. शेवटच्याला न वाढताच पंगत उठवली मी."

मग वही मागून त्यांनी रांग संपेपर्यंत प्रत्येकाची नोंद हाताने केली. परत येताना ते माझ्या मोटारसायकलवर मागे बसले होते. ते बोलतील म्हणून मी नारायणगावपर्यंत उत्तरं जुळवत होतो. सरांनी फक्त यंदाच्या कांद्याची चौकशी केली.

गेल्या वर्षी सर वारले. काकूंनी मशीनं मला न्यायला सांगितली. मी भाव बोललो, तर म्हणाल्या, सरांनी तुमचं नाव लिहून ठेवलंय, भावाचं काही लिहिलेलं नाही.

अकराही मशीनं आता माझ्या दुकानात मागच्या भिंतीला ओळीने आहेत. अकराव्याची वायर मी भिंतीतच पक्की करून टाकली आहे. मोटारसायकलवर जुळवलेली उत्तरंही तशीच पडून आहेत. त्यांचं गिऱ्हाईक काही न विचारता निघून गेलं.